ब्रिटानियाची उतरती कळा

ब्रिटानिया नावाच्या काल्पनिक राज्यात मंत्रतंत्राचं साहित्य विकणारे दुकानदार आंधळे आहेत. गंधकाची राख, जिनसेंग, लसूण, कोळ्याचे धागे, काळे मोती असा माल त्यांच्याकडे मिळतो. तुम्ही हवं ते मागता, दुकानदार एकूण किंमत सांगतो आणि पैसे तुम्हालाच मोजून ठेवायला लावतो. त्याला दिसत नाही. शंभर मोहरांच्या मालापोटी एकच मोहोर ठेवली तरी सौदा पार पडतो, माल पिशवीत येतो, कुणी शिपाई धावून येत नाही. नव्या खेळाडूला वाटतं, खेळातली एक फट सापडली. तो पुन्हा पुन्हा तसंच करतो. पुढे कितीतरी तासांनी, डोंगर-समुद्र ओलांडून तो प्रामाणिकपणाच्या मंदिरापाशी पोचतो, ध्यानाला बसतो, आणि त्याला काहीच प्राप्त होत नाही. असं का, ते विचारायला राजवाड्यातल्या हॉकविंड या द्रष्ट्याकडे जावं लागतं. तो आडपडदा न ठेवता तुमची पायरी दाखवतो.

हा खेळ म्हणजे ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’. साल १९८५. ॲपल टू या संगणकावर, फ्लॉपीवरून चालणारा. चित्रं म्हणजे चौकोनी ठिपक्यांची नक्षी, माणसं बोटाच्या पेराएवढी. तरीही व्हिडिओ गेमच्या इतिहासात त्याला जे स्थान आहे ते फार थोड्या खेळांना मिळालं, कारण त्यात शेवटी मारायला कुणी राक्षस नाही. खेळाडूने चांगलं माणूस व्हायचं, एवढंच ध्येय. चित्रगुप्ताच्या वहीसारखी एक नोंद आत कुठेतरी सतत चालू असते आणि ती वही खेळाडूला कधीच पूर्ण दिसत नाही.

पुढे १९९९ मध्ये ही मालिका संपली, आणि फार वाईट रीतीने संपली. ती का संपली याची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की मोठ्या कंपनीने छोटी कंपनी गिळली आणि घाईघाईत वाटोळं केलं. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. त्याच कंपनीच्या छत्राखाली, तशाच घाईत तयार झालेले पुष्कळ खेळ चांगले निघाले. अल्टिमाच का कोसळली? मला दिसतं ते असं की या मालिकेचा जीव तिच्या जगाने ठेवलेल्या नोंदीत होता. खेळाडू काय करतो याची साक्ष द्यायला ते जग बारीकसारीक तपशिलांसकट उभं असावं लागतं. मारामारीचा खेळ थोडा अपुरा राहिला तरी मारामारी उरते. अल्टिमाचं जग अपुरं राहिलं की त्यातला साक्षीदारच नाहीसा होतो.

या मालिकेचा कर्ता रिचर्ड गॅरियट. जन्म १९६१ चा, इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. वाढला मात्र अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळ. वडील ओवेन गॅरियट हे नासाचे अंतराळवीर. १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर ते ५९ दिवस राहिले होते. घराच्या आसपास अंतराळवीरांचीच वस्ती, त्यामुळे अशक्य वाटणारी गोष्ट करून बघण्यात काही जगावेगळं आहे असं त्या पोराला वाटलंच नसावं. शाळेत टेलिटाइप यंत्रावर तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या धर्तीवरचे छोटे खेळ लिहायचा. संगणकाच्या एका शिबिरात त्याच्या बोलण्यावरून मुलांनी त्याला ब्रिटिश ठरवलं आणि ‘लॉर्ड ब्रिटिश’ हे टोपणनाव चिकटलं ते कायमचं. पुढे ब्रिटानियाचा राजा म्हणून तो स्वतःच जवळजवळ प्रत्येक खेळात वावरला.

१९७९ च्या सुमाराला त्याने ‘अकालाबेथ’ लिहिला. ज्या संगणकाच्या दुकानात तो काम करत होता तिथेच, प्लॅस्टिकच्या पिशवीत फ्लॉपी आणि झेरॉक्स केलेली माहिती घालून तो विकायला ठेवला. एक प्रत कॅलिफोर्नियातल्या एका प्रकाशकाच्या हाती पडली आणि शाळकरी वयाच्या मुलाला, त्याने स्वतः नंतर सांगितल्याप्रमाणे, वडिलांच्या वार्षिक पगाराहून जास्त पैसे मिळाले. १९८१ मध्ये पहिला ‘अल्टिमा’ आला, १९८२ मध्ये दुसरा. दुसऱ्यापासून खोक्यात कापडावर छापलेला नकाशा देण्याची पद्धत सुरू झाली आणि ती शेवटपर्यंत टिकली. त्या नकाशांचे शौकीन आजही जगभर आहेत. १९८३ मध्ये तिसरा भाग निघाला तो गॅरियट बंधूंच्या स्वतःच्या कंपनीतून. ओरिजिन सिस्टिम्स हे तिचं नाव, आणि आम्ही जगं घडवतो असा बाणा. थोरला भाऊ रॉबर्ट व्यवहार सांभाळायचा, रिचर्ड खेळ लिहायचा.

कंपनी स्वतःची झाल्यामुळे एक गोष्ट बदलली. ग्राहकांची पत्रं आता थेट गॅरियटच्या टेबलावर येऊ लागली. काही पत्रं कौतुकाची होती, काही संतापलेल्या पालकांची. अमेरिकेत त्या काळी अशा खेळांवर सैतानी असल्याचा आरोप सर्रास व्हायचा. त्याहून त्याला जास्त बोचली ती खेळाडूंची पत्रं. लोक कसे खेळतात हे त्यांतून कळत होतं. राज्य वाचवणारा वीर म्हणून खेळायला बसलेला माणूस दुकानं लुटत होता, वाटेतल्या गावकऱ्यांना मारत होता, कारण तसं केलं की शेवटच्या राक्षसाला मारायची ताकद लवकर येते. खेळात त्याला कुणी अडवत नव्हतं. चूक खेळाडूची नव्हती. खेळानेच त्याला तसं वागायला शिकवलं होतं.

तेवीस-चोविशीतल्या त्या मुलाने यावर जे उत्तर शोधलं ते मला आजही थक्क करतं. त्याने आधी एक नीतिशास्त्र रचलं. सत्य, प्रेम आणि धैर्य ही तीन मूळ तत्त्वं. सत्यातून प्रामाणिकपणा, प्रेमातून करुणा, धैर्यातून शौर्य. सत्य आणि प्रेम एकत्र आले की न्याय. प्रेम आणि धैर्य मिळून त्याग. सत्य आणि धैर्य मिळून सन्मान. तिन्ही मिळून अध्यात्म. आणि तिन्हींशिवाय उरते ती नम्रता. असे आठ सद्गुण, त्यांची आठ शहरं, आठ मंदिरं आणि प्रत्येक मंदिराचा एक मंत्र. आठही साधले की खेळाडू ‘अवतार’ ठरतो; ही अवताराची कल्पना आपण हिंदू परंपरेतून घेतली, हे गॅरियटने अनेकदा सांगितलं आहे. अध्यात्माच्या मंदिरात तर टेक्सासमधला खेळाडू १९८५ साली कीबोर्डवर ‘ओम’ टाइप करत होता. यात उथळपणा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. हा आपल्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास नव्हे. पण माणसाने कृतीतून स्वतःला घडवत न्यायचं, ही त्यातली मूळ धारणा त्याने नेमकी उचलली.

आणि ती कृतीत उतरवली, हे महत्त्वाचं. भिकाऱ्याला पैसे दिले की करुणा वाढते. दुष्ट नसलेल्या प्राण्यावर हल्ला केला की ती घटते. लढाईतून पळ काढला तर शौर्य गेलं. वैद्याकडे जाऊन रक्तदान केलं की त्याग जमा होतो, पण त्या वेळी तुमची प्रकृती खालावते आणि बाहेर जंगलात राक्षस असतात. कुणी तुमच्या मोठेपणाबद्दल विचारलं आणि तुम्ही फुशारकी मारली तर नम्रता जाते. खेळाच्या सुरुवातीला एक भविष्यवेत्ती पत्ते मांडून पेच टाकते. दोन्ही बाजूंना सद्गुणच, निवडायचा एकच. तुमच्या उत्तरांवरून तुमचं पात्र ठरतं.

पुढचे दोन भाग हेच सूत्र उलटसुलट करून तपासतात. ‘अल्टिमा ५’ (१९८८) मध्ये राजा बेपत्ता आहे आणि ब्लॅकथॉर्न नावाच्या सरदाराने सद्गुणांचे कायदे केले आहेत. खोटं बोलाल तर जीभ गमवाल. दानधर्म करणार नाही त्याची कमाई काढून घेतली जाईल. सद्गुणाची सक्ती झाली की काय होतं, हे दाखवणारा तो खेळ आहे आणि माझ्या मते लेखनाच्या दृष्टीने मालिकेतला सर्वांत धारदार. ‘अल्टिमा ६’ (१९९०) मध्ये शिंगं-पंखवाले गार्गॉइल राज्यावर चाल करून येतात. त्यांची भाषा शिकून त्यांचा ग्रंथ वाचल्यावर कळतं की तुमच्या आधीच्या पराक्रमाने त्यांचं जग मोडलं. त्यांच्या पुराणात राक्षस तुम्ही आहात. १९९० साली खेळाडूला असं उभं-आडवं हलवणारा दुसरा खेळ शोधून सापडत नाही.

मग १९९२ मध्ये ‘अल्टिमा ७ : द ब्लॅक गेट’ आला आणि मालिका शिखरावर पोचली. ट्रिन्सिक शहरातल्या तबेल्यात लोहार ख्रिस्तोफरचा खून झाला आहे, तिथून गोष्ट सुरू होते. तपास करत तुम्ही गावोगाव फिरता आणि सगळीकडे ‘फेलोशिप’ नावाची एक संस्था आढळते. गोड बोलणारी, गरिबांना मदत करणारी, सभासदांना हळूहळू आपल्या कह्यात घेणारी. जुने आठ सद्गुण लोक विसरत चालले आहेत.

या खेळातला पाव फार प्रसिद्ध आहे. पिठाची पिशवी टेबलावर रिकामी करायची, बादलीतलं पाणी त्यावर ओतायचं, कणकेचा गोळा होतो, तो चुलीवर ठेवायचा, थोडा वेळ थांबायचं, पाव तयार. खेळ जिंकण्याशी त्याचा काही संबंध नाही. लोकर चरख्यावर घातली की सूत, सूत मागावर घातलं की कापड, कापड कात्रीने कापलं की जखमेवर बांधायच्या पट्ट्या. गावातली माणसं सकाळी उठून कामाला जातात, दुपारी खानावळीत येतात, अंधार पडला की दिवे लावतात, रात्री झोपतात. प्रत्येकाला नाव आहे, पोटापाण्याचा उद्योग आहे, शेजाऱ्याबद्दल मत आहे. तुम्ही कुणाच्या घरातली वस्तू उचलली तर बरोबरचे सोबती नाराजी दाखवतात. चोरी वाढली तर सोडूनही जातात. चौथ्या भागात आकड्यांच्या रूपात असलेली नोंद इथे माणसांच्या तोंडी आली. पावाचं कौतुक का, हे यातून कळतं. जे जग पिठाची नोंद ठेवतं ते तुमच्या वागण्याचीही ठेवेल, असा भरवसा त्याने निर्माण होतो.

त्याच वर्षी ओरिजिनच्या नावाखाली ‘अल्टिमा अंडरवर्ल्ड’ही निघाला. तो पॉल न्यूरॅथ यांच्या ब्लू स्काय प्रॉडक्शन्स या छोट्या चमूने केला होता आणि त्रिमित तळघरातून मोकळं हिंडण्याचा अनुभव त्याने ‘डूम’ या गाजलेल्या खेळाच्या आधी दिला. म्हणजे १९९२ मध्ये ही मालिका तंत्र, कथा, कल्पना सगळ्याच बाबतींत पुढे होती. उतरण सुरू झाली तीही त्याच वर्षी.

सप्टेंबर १९९२ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स म्हणजे ईए या कंपनीने ओरिजिन विकत घेतली. व्यवहार शेअरच्या रूपात, सुमारे ३५ दशलक्ष डॉलरचा. ‘ब्लॅक गेट’मध्ये खलनायकाची तीन यंत्रं आहेत. त्यांचे आकार घन, गोल आणि चौपृष्ठी, म्हणजे ईएच्या तेव्हाच्या बोधचिन्हातले चौकोन, वर्तुळ आणि त्रिकोण. खून करत पुढे पळणाऱ्या जोडीची नावं एलिझाबेथ आणि अब्राहम. आद्याक्षरं जुळवून बघावीत. ज्या प्रतिस्पर्ध्याबद्दल ही खदखद होती त्याच्याच हाती काही महिन्यांत कंपनी गेली.

विकण्याला कारण होतं. गॅरियट आपल्या प्रत्येक भागासाठी जवळजवळ सगळं नव्याने लिहायचा. पहिले पाच भाग ॲपल टूसाठी झाले, सहाव्यापासून आयबीएम पीसीवर उडी. सातव्यासाठी तर मेमरी वापरण्याची खास पद्धत लिहिली होती आणि ती इतकी हट्टी की खेळ सुरू करायला अनेकांना वेगळी बूट डिस्क बनवावी लागे. चौथ्या भागापर्यंत बहुतेक कोड एकट्याने लिहिणाऱ्या माणसाच्या हाताखाली आता चित्रकार, संगीतकार, लेखक, प्रोग्रॅमर यांचा ताफा होता. सगळं दर वेळी नव्याने उभं करायचं ही सवय एकट्याला परवडते. शंभर माणसांच्या पगाराला परवडत नाही. ओरिजिनला भांडवल हवं होतं. म्हणून सगळा दोष ईएच्या माथी मारणं मला पटत नाही. पैशाची ओढाताण मालिकेच्या कामाच्या पद्धतीतूनच आली होती.

पण भांडवलाबरोबर वेळापत्रक आलं. ‘अल्टिमा ८ : पेगन’ मार्च १९९४ मध्ये बाजारात आला तेव्हा तो पुरता शिजलेला नव्हता, हे गॅरियटने पुढे स्वतः मान्य केलं, शेअरधारकांना खूश ठेवण्यासाठी आपण बऱ्याच गोष्टींचा बळी दिला असं तो म्हणाला. ब्रिटानिया गायब. सोबती गायब. अवतार एकटाच एका परक्या जगात, आणि हलत्या दगडांवरून उड्या मारतोय. उडी जरा चुकली की पाण्यात, आणि पाण्यात पडलं की मरण. उड्यांचा जाच नंतर पॅच काढून कमी केला गेला. खोक्यावर मोठं पंचकोनी चांदणीचं चिन्ह होतं, दहा वर्षांपूर्वी पालकांना संतापवणाऱ्या सैतानी वळणाचंच.

यातली खरी हानी उड्यांची नाही. पेगनमध्ये अवतार घरी परतण्यासाठी त्या जगातल्या शक्तींना फसवतो, मोकळं सोडतो, ते जग उद्ध्वस्त करत पुढे जातो. कथा म्हणून ही काळी छटा जबरदस्त ठरू शकली असती. सहाव्या भागात अशाच अपराधाचा हिशेब मागितला होता. इथे तो मागायला कुणी नाही. गावात कुणावर उघड हात उगारला तर एक मांत्रिक येऊन तुम्हाला जागच्या जागी संपवतो, खेळ बंद, जुन्या सेव्हपासून पुन्हा सुरुवात. ही पोलिसी शिक्षा झाली. तुम्ही कोण होत चालला आहात याची नोंद कुठेच नाही. त्यावर विचार करायला लागणारे प्रसंग, संवाद, माणसं वेळेअभावी झालीच नाहीत. ‘द लॉस्ट व्हेल’ ही ठरलेली पुरवणीही विक्री पाहून रद्द झाली.

याच सुमाराला गॅरियटच्या डोक्यात दुसरं वेड शिरलं. ब्रिटानियात एकटा खेळाडू का, हजारो का नकोत? ईएला या कल्पनेत रस नव्हता. थोडके पैसे मिळाले, लहान चमूने नमुना बनवला. स्टार लाँग आणि राफ कॉस्टर ही त्यातली दोन महत्त्वाची नावं. चाचणीत भाग घ्यायचा तर सीडीचे ५ डॉलर भरा असं जाहीर केल्यावर हजारोंनी ते भरले आणि वरिष्ठांचे डोळे उघडले. २४ सप्टेंबर १९९७ ला ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू झाला. सहा महिन्यांत एक लाख वर्गणीदार झाले. इंटरनेटवरच्या अशा कुठल्याही खेळाने हा टप्पा तोवर गाठला नव्हता.

त्यातल्या दोन घटना सांगायलाच हव्यात. या जगासाठी एक परिसंस्था रचली होती. गवत, गवतावर ससे, सशांवर लांडगे. एका भागात सावज कमी झालं की शिकारी भुकेने गावाकडे वळतील, अशी योजना. खेळ लोकांसाठी उघडला आणि खेळाडूंनी दिसेल तो प्राणी मारला. ससे, हरणं, लांडगे, सगळे. परिसंस्था उभी राहायच्या आतच संपली, आणि शेवटी ती यंत्रणाच काढून टाकावी लागली. दुसरी घटना ऑगस्ट १९९७ ची, चाचणीच्या काळातली. खुद्द लॉर्ड ब्रिटिश, म्हणजे गॅरियट, प्रजेला दर्शन देत गच्चीवर उभा होता. त्याच्या पात्राला मरण येऊ नये अशी सोय असायला हवी होती. सर्व्हर नव्याने सुरू झाल्यावर ती चालू करायची राहिली होती. गर्दीतल्या रेन्झ नावाच्या एका खेळाडूने त्याच्या पायाशी आगीचा मंत्र टाकला आणि राजा मेला.

चौथ्या भागाच्या कर्त्यासमोर हा त्याच्याच प्रश्नाचा मोठा अवतार उभा होता. खेळात अडवणारा कुणी नसला की माणूस लुटतो, मारतो, हे त्याला १९८३ मध्ये पत्रांतून कळलं होतं. आता लुटले जाणारे खरे लोक होते. खाणीत दिवसभर कष्ट करून बाहेर पडणाऱ्या नवख्याला टोळकं गाठायचं आणि अंगावरचं सगळं काढून घ्यायचं. बदनामीचे आकडे, खुन्याचं नाव लाल, असे उपाय झाले. प्रत्येकातून पळवाट निघाली. २००० मध्ये अखेर जगाची दुसरी प्रत काढली, ट्रॅमल, जिथे दुसऱ्याच्या मर्जीविरुद्ध त्याला मारताच येत नाही. बहुतेक लोक तिकडे राहायला गेले. धंद्याच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. पण जिथे वाईट वागणं शक्यच नाही तिथे चांगुलपणाला काय अर्थ उरतो, हे ब्लॅकथॉर्नच्या कायद्यांच्या निमित्ताने याच मालिकेने विचारलं होतं. तरीही त्या जगात लोकांनी सुतारकी केली, शिंप्याची दुकानं थाटली, लग्नं लावली, खानावळी चालवल्या. ‘अल्टिमा ऑनलाइन’ अपयशी मुळीच नव्हता. त्याचं यश मात्र नवव्या भागाच्या मुळावर आलं.

‘अल्टिमा ९ : असेन्शन’चं काम आठवा भाग झाल्यावर सुरू झालं होतं. मध्येच त्याची माणसं ऑनलाइनच्या कामाला लावली गेली. ती परतेपर्यंत तंत्र बदललं होतं, त्रिमित चित्रांची कार्डं आली होती, आधीचं काम टाकून नवं हाती घेतलं. कथा लिहिली, ती बाजूला ठेवून दुसरी लिहिली. जुनी माणसं सोडून गेली, नवी आली. वर्षं उलटत होती, खर्च चढत होता, आणि ईएच्या दृष्टीने भविष्य ऑनलाइनमध्ये होतं. एकट्याने खेळायचा हा जुना प्रकार एकदाचा हातावेगळा करायचा होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये, नाताळच्या तोंडावर, तो दुकानांत आला.

मी हा खेळ अलीकडे, चाहत्यांनी केलेल्या दुरुस्त्या घालून, पुन्हा खेळलो. त्याचं श्रेय त्याला देतो. शहरातून निघून डोंगरावर, तिथून तळघरात, तिथून समुद्रात, कुठेही पडदा काळा न होता जाता येतं. १९९९ साठी ही फार मोठी गोष्ट होती. पाऊस पडतो तेव्हा ब्रिटन या राजधानीच्या दगडी रस्त्यावर उभं राहावंसं वाटतं. आणि मग तुम्ही चालू लागता आणि लक्षात येतं की राजधानी पाच-दहा घरांत संपली. एका शहरातून दुसऱ्यात पोचायला काही मिनिटं. लोक जागेवर उभे, एकदोन वाक्यं बोलून गप्प. संवाद पुरे ध्वनिमुद्रित करायचे म्हणजे ते थोडकेच असणार. ज्या अवताराने या देशात इतके भाग घालवले, ज्याचा जिवलग सोबती ड्युप्रे साऱ्या राज्यात पॅलाडिन म्हणून ओळखला जातो, तोच पॅलाडिन म्हणजे काय असं विचारतो. चाहत्यांना हे इतकं लागलं की पंचवीस वर्षांनीही ते विसरलेले नाहीत. मला त्यात लेखकाच्या अडाणीपणापेक्षा वेगळं काही दिसतं. नव्या ग्राहकाला सगळं समजलं पाहिजे म्हणून जुन्याची आठवण पुसून टाकली. नोंद ठेवणाऱ्या जगाचा नायकच विसराळू झाला.

दोषांची यादी करत बसण्यात अर्थ नाही. ठरावीक कार्ड नसेल तर तो धड चालत नसे, अधूनमधून बंद पडे, कित्येकांना तो शेवटपर्यंत नेताच आला नाही. पॅच निघाले, आणि नोंदणी केलेल्या ग्राहकांना दुरुस्त केलेली सीडी टपालाने पाठवावी लागली. पावाची गोष्ट मात्र सांगतो. याही खेळात पाव आहेत, आणि एकावर एक, एकापुढे एक ठेवलेले पाव हवेत तसेच टिकून राहतात. खेळाडूंनी पावांचा पूल बांधला. समुद्रावरून, जिथे कथेच्या त्या टप्प्यावर पोचताच येऊ नये त्या बेटांपर्यंत. तिथे गेल्यावर काय? तिथल्या लोकांना त्याचा पत्ताच नसतो. तुम्ही अशक्य ते केलंत, हे ओळखणारं कुणी त्या जगात उरलेलं नाही.

त्यानंतरचा इतिहास भराभर सांगून होण्यासारखा आहे. २००० मध्ये गॅरियट बाहेर पडला. ऑनलाइनचा दुसरा भाग २००१ मध्ये रद्द. ‘अल्टिमा एक्स : ओडिसी’ २००४ मध्ये रद्द. त्याच वर्षी ऑस्टिनमधलं ओरिजिन बंद झालं. पुढे ईएने अल्टिमाच्या नावाने एक ब्राउझरवरचा आणि एक मोबाइलवरचा खेळ काढला. दोन्ही २०१४ मध्ये बंद पडले. गॅरियटने एनसीसॉफ्ट या कंपनीसाठी केलेला ‘टॅब्युला रासा’ २००९ मध्ये गुंडाळला गेला. दरम्यान २००८ च्या ऑक्टोबरात तो सोयुझ यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर जाऊन आला, वडिलांच्या वाटेने, स्वतःच्या पैशांनी. २०१३ मध्ये चाहत्यांकडून वर्गणी गोळा करून त्याने ‘श्राउड ऑफ द अवतार’ सुरू केला. मागितले दहा लाख डॉलर, जमले एकोणीस लाखांच्या वर. २०१८ मध्ये तो पूर्ण स्वरूपात आला आणि फारसा कुणाला भावला नाही. या वेळी वरून घाई करणारी कंपनी नव्हती, तरी जग भरलं नाही. सगळा दोष ईएवर ढकलणाऱ्यांनी या खेळाकडेही बघायला हवं. गावातल्या प्रत्येक माणसाची दिनचर्या लिहिणारे हात, त्यासाठी लागणारी चिकाटी, हे नुसत्या सदिच्छेने परत येत नाही.

वारसा मात्र दुसरीकडे रुजला. जपानमध्ये युजी होरी यांनी ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ खेळूनच १९८६ चा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला, आणि तिथल्या बहुतेक आरपीजी, म्हणजे पात्र होऊन खेळायच्या, खेळांची वाट त्यातून निघाली. बेल्जियममधल्या लॅरियन स्टुडिओचे स्वेन व्हिंके ‘अल्टिमा ७’चं ऋण उघडपणे सांगतात. त्यांचा ‘बॉल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण झाला, त्याआधी जवळजवळ तीन वर्षं त्याचा पहिला अंक लोकांपुढे ठेवून दुरुस्त केला जात होता. टेबलावरची जवळपास प्रत्येक वस्तू उचलता येते, आणि तुम्ही पहिल्या अंकात कुणाशी कसं वागलात ते तिसऱ्या अंकात भेटलेली माणसं बोलून दाखवतात. कंपनी व्हिंके यांच्या ताब्यात असल्यामुळे तो वेळ मिळाला.

अल्टिमा या नावाचा हक्क आज ईएकडे आहे, लॉर्ड ब्रिटिश या नावाचा गॅरियटकडे. ‘अल्टिमा ऑनलाइन’ २०१४ पासून ब्रॉडस्वर्ड ही कंपनी चालवते. तो अजून चालू आहे. जुन्या खेळांची देखभाल चाहते करतात. ‘एक्झल्ट’ या त्यांच्या प्रकल्पामुळे ‘ब्लॅक गेट’ आजच्या संगणकावर बूट डिस्कच्या कटकटीशिवाय चालतो. सहावा आणि आठवा भाग ‘स्कमव्हीएम’ या प्रणालीवर चालतात. चौथा भाग जीओजी या संकेतस्थळावर फुकट मिळतो. सुरुवात त्यापासून करावी. त्याच्याबरोबर येणारी दोन पुस्तकं आधी वाचावीत, कारण जादूच्या मंत्रांच्या बहुतेक कृती तिथेच आहेत. शेजारी एक वही ठेवावी. या खेळात तुमच्यासाठी टिपणं कुणी ठेवत नाही. कोणत्या मंदिराचा मंत्र कोणत्या गावातल्या माणसाला ठाऊक आहे, ते विचारत फिरायचं आणि लिहून घ्यायचं.